बॅटरीवरची चेनसॉ कशी चालवावी: बांधावरची बाभूळ, लिंबूबागेची छाटणी आणि खानदेशचा उन्हाळा

यावल तालुक्यातील एका शेतकरी बंधूंचा प्रश्न आहे. बांधावरच्या बाभळी काढण्यासाठी आणि लिंबूबागेच्या छाटणीसाठी त्यांनी 12 इंची बारची (बार म्हणजे चेन ज्याच्या कडेवरून फिरते ते लांब पाते), 36 व्होल्टची बॅटरीवरची चेनसॉ, म्हणजे साखळी-करवत, घेतली असून ती त्यांचा मुलगा आणि सालदार चालवणार आहेत. पेट्रोलच्या मशीनएवढी ती घातक नसते, असे दुकानदाराने त्यांना सांगितले आहे. तेव्हा हेल्मेट, जाड पँट वगैरे घेण्याची खरोखर गरज आहे का, शिडीवर उभे राहून मशीन चालवली तर चालेल का, उन्हाळ्यात बॅटरी कशी सांभाळावी आणि केळीचे खांबही तिने कापता येतील का, असे त्यांनी विचारले आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत बागांची छाटणी करणे, वादळात आडवी झालेली झाडे मोकळी करणे आणि नव्या माणसांना हे यंत्र शिकवणे हे माझे नेहमीचे काम असल्यामुळे मी थोड्या विस्ताराने उत्तर देत आहे.

दुकानदाराचे म्हणणे मला मान्य नाही. बॅटरीच्या मशीनमध्ये धूर नाही, दोरी ओढण्याचा त्रास नाही, कंप कमी आणि आवाजही पुष्कळ कमी, हे सगळे खरे आहे. पण मांडीला किंवा पंजाला लागणारी वस्तू म्हणजे चेन, आणि ती दोन्ही मशीनवर एकाच जातीची असते. बॅटरीच्या मध्यम मशीनची चेन सेकंदाला साधारण 10 ते 20 मीटर वेगाने फिरते आणि एवढ्या वेगाला कातडी, कापड आणि ओले लाकूड यांत फारसा फरक उरत नाही. याशिवाय बॅटरीच्या मशीनचा स्वतःचा असा एक धोका आहे आणि माझ्या उत्तराचा मुख्य मुद्दा तोच आहे. पेट्रोलचे इंजिन चालू असेपर्यंत धडधडत असते, त्यामुळे हातातले यंत्र जिवंत आहे हे चालवणाऱ्याच्या आणि आजूबाजूच्या माणसांच्या सतत कानावर पडत राहते. बॅटरीची मशीन ट्रिगर सोडला की पूर्ण गप्प होते. माणूस तिला बंद समजून चेनमध्ये अडकलेली काटकी बोटाने काढायला जातो, आणि ट्रिगरला धक्का लागताच ती कोणतीही पूर्वसूचना न देता पूर्ण जोराने फिरू लागते. लॉकचे बटण असते, हे खरे. परंतु पिस्टल पकडीत अंगठा आणि तर्जनी एकाच मुठीत येत असल्याने, मशीन उचलताना दोन्ही एकदम दाबली जाणे अशक्य नाही.

म्हणून पहिला आणि न मोडण्याचा नियम असा ठेवावा: चेनजवळ हात जाणार असेल, मग ते चेन ताणणे असो, तेल भरणे असो, भुसा काढणे असो की बारवर म्यान चढवणे असो, आधी बॅटरी काढून बाजूला ठेवायची. नुसता ट्रिगर सोडणे किंवा ब्रेक लावणे पुरेसे नाही. बॅटरी काढायला फार तर दोन-तीन सेकंद लागतात. एका झाडाकडून दुसऱ्या झाडाकडे चार पावले जायचे असेल तर चेन ब्रेक लावून, बारचे टोक मागे करून चालावे. त्याहून जास्त अंतर असेल, मध्ये बांध ओलांडायचा असेल किंवा मशीन दुसऱ्याच्या हाती द्यायची असेल, तर बॅटरी काढूनच द्यावी. दोघे आळीपाळीने चालवणार असल्यामुळे आपल्याकडे हा नियम अधिक कडकपणे पाळला गेला पाहिजे. घरी लहान मुले असतील तर मशीन आणि बॅटरी दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात.

आता किकबॅकविषयी, म्हणजे मशीनच्या उलट्या झटक्याविषयी सांगतो, कारण चेनसॉच्या सर्वांत गंभीर जखमांपैकी अनेक त्यातून होतात. चेन बारच्या वरच्या कडेवरून पुढे जाते, टोकाला वळसा घालून खाली उतरते आणि खालच्या कडेवरून चालवणाऱ्याकडे परत येते. बारच्या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग फिरत्या चेनसह एखाद्या फांदीला, ओंडक्याला किंवा दगडाला टेकला, तर तिथला दात लाकडात रुततो. चेन पुढे जाऊ शकत नाही आणि मोटरचा सगळा जोर बारला वर आणि मागे, म्हणजे चालवणाऱ्याच्या खांद्याकडे आणि चेहऱ्याकडे, फेकण्यात खर्च होतो. हे इतक्या कमी वेळात घडते की पाहून हात आवरणे माणसाला शक्य नसते. तेव्हा बचाव आधीच्या तयारीतच असतो. बारचे टोक कुठे आहे याकडे कायम लक्ष असले पाहिजे, आणि ज्या फांदीमागे काय आहे ते दिसत नाही तिथे टोक घुसवू नये. लिंबाच्या झाडात हाच मोठा अडथळा असतो, कारण आतल्या फांद्या दाट, एकमेकींत गुंतलेल्या आणि काटेरी असतात. तिथे आधी हातकरवत आणि कात्रीने बारीक फांद्या काढून मोकळी जागा करावी आणि मगच जाड फांदीला मशीन लावावी. मनगटापेक्षा बारीक फांद्यांसाठी मी स्वतः चेनसॉ वापरतच नाही; बारीक काडी चेनला धरत नाही, ती ओढली जाऊन फटका मारते.

झटका सोसण्यासाठी पकड योग्य लागते. उजवा हात मागच्या मुठीवर आणि डावा पुढच्या मुठीवर ठेवावा, डावखुऱ्या माणसानेही हीच पद्धत पाळावी. डाव्या हाताचा अंगठा मुठीखालून वेढून घेतलेला असावा. पुष्कळ जण तो इतर बोटांच्या बाजूने वरच ठेवतात आणि मग पहिल्या झटक्यालाच मूठ सुटते. डावा कोपर शक्य तितका सरळ ठेवावा. उभे राहताना शरीर चेनच्या रेषेच्या किंचित डावीकडे असावे, म्हणजे बार वर उसळला तरी डोके त्याच्या वाटेत येत नाही. खांद्याच्या उंचीपेक्षा वर कधीही कापू नये, कारण तिथे हातांत झटका अडवण्याचे बळ उरत नाही.

पुढच्या मुठीसमोर जो उभा पट्टा असतो तो नुसता हाताचा आडोसा नसून चेन ब्रेकचा खटका आहे. झटका बसला की मनगट त्यावर आपटून, किंवा झटक्याच्या जडत्वानेच, ब्रेक लागतो आणि चेन क्षणात थांबते. काम सुरू करण्यापूर्वी दररोज तो तपासावा: मशीन दोन्ही हातांनी घट्ट धरून चेन फिरवावी आणि मूठ न सोडता मनगटाने पट्टा पुढे ढकलावा, चेन तत्काळ थांबली नाही तर त्या दिवशी मशीन वापरू नये. ट्रिगर सोडल्यावर चेन थांबते तो वेगळा प्रकार आहे, दोन्हींची गल्लत करू नये.

हल्ली बाजारात आणि ऑनलाइन 4 ते 8 इंची बारच्या, एका हाताने धरण्याच्या लहान मशीनही पुष्कळ आल्या आहेत. त्यांतील बहुतेकांना चेन ब्रेक नसतो, स्वयंचलित तेलही नसते. माणूस एका हाताने मशीन चालवतो आणि दुसऱ्या हाताने फांदी धरतो, म्हणजे डावा हात आपसूकच चेनच्या पुढ्यात येतो. आपण 12 इंची, दोन हातांची मशीन घेतली हे चांगले केले. त्या लहान मशीनच्या बॅटरीवर 48 किंवा 88 असे मोठे आकडे छापलेले दिसतात, त्यांना भुलू नये. एका लिथियम आयन सेलचा सरासरी दाब 3.6 व्होल्ट असतो. पाच सेल असतील तर 18 व्होल्टच होणार आणि पूर्ण चार्ज असताना फार तर 21. आपल्या 36 व्होल्टच्या बॅटरीत असे दहा सेल ओळीने जोडलेले असतात आणि ती 4 अँपिअर-तासांची असेल तर तिच्यात 144 वॉट-तास ऊर्जा मावते. बॅटऱ्यांची तुलना करायची असल्यास ती या आकड्याने करावी.

संरक्षक साहित्याची गरज आहे का, याचे उत्तर होय असेच आहे. जाळीचा पडदा आणि कानावरचे कप असलेले हेल्मेट एकत्र मिळते आणि ते घ्यावेच. बॅटरीच्या मशीनचा आवाज दुरून कमी वाटला तरी चालवणाऱ्याच्या कानाशी तो 85 डेसिबलच्या वर जाऊ शकतो. बाभळीचा काटा आणि उडणारा कीस जाळीतून काही अंशी आत येतो, म्हणून जाळीच्या आत साधा पारदर्शक गॉगलही घालावा. पायात चप्पल चालणार नाही. पुढे पोलादी टोपी असलेले, घट्ट तळव्याचे बूट हवेत. गळ्यातला बागायती रुमाल, धोतर, सैल बाह्यांचा सदरा, हे सारे घरी ठेवून यावे. रुमालाचे टोक फिरत्या चेनमध्ये गेले की ते माणसालाही ओढते.

चेनसॉसाठीच्या खास पँटचा थर लांब धाग्यांचा असतो. चेन लागली की हे धागे ओढले जाऊन चेन फिरवणाऱ्या चक्रात गुंततात आणि चेन अडकून थांबते. त्यांवर वेगाचा वर्ग लिहिलेला असतो. वर्ग 1 म्हणजे सेकंदाला 20 मीटर वेगाच्या चेनवर घेतलेली चाचणी. मात्र येथे बॅटरीच्या मशीनबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. विजेच्या मोटरचा जोर अगदी कमी वेगातही टिकून राहतो, त्यामुळे धागे गुंतल्यावर पेट्रोलचे इंजिन जसे गुदमरून बंद पडते तशी ती पडेलच असे नाही, आणि काही पँटवर तसा इशारा छापलेलाही असतो. पँट जरूर घालावी, पण तिच्या भरवशावर मांडीजवळ चेन आणू नये. उन्हाळ्यात ती पँट सोसवत नाही अशी तक्रार मला नेहमी ऐकू येते आणि ती रास्त आहे. नुसत्या पुढून बांधायच्या, मागून उघड्या असलेल्या प्रकाराने थोडा आराम पडतो. खरा उपाय मात्र वेळ बदलण्याचा आहे: एप्रिल-मेमध्ये हे काम सूर्योदयापासून नऊ-साडेनऊपर्यंतच करावे. घामेजलेला, थकलेला माणूस पाय नीट रोवत नाही.

चेन आणि तेल यांची काळजी ही देखील सुरक्षेचीच बाब आहे. चेन बसवताना वरच्या कडेवरील दातांची धार टोकाच्या दिशेने असली पाहिजे. नव्या मशीनवर ती उलटी बसवलेली मी पुष्कळदा पाहतो. मग लाकूड कापले जात नाही, धूर येतो आणि माणूस जोर लावत राहतो. ताण योग्य असला म्हणजे चेन बारच्या खालच्या कडेला लोंबत नाही आणि तरीही हातमोजा घातलेल्या हाताने सहज सरकते. नवी चेन पहिल्या तासाभरात लांबते, म्हणून तेव्हा ती वारंवार पाहावी. गरम असताना ताणलेली चेन काम संपल्यावर सैल करून ठेवावी, कारण थंड झाल्यावर ती आखडते आणि बारला व मोटरच्या दांड्याला ताण देते. तेलाच्या टाकीत बारचेच तेल घालावे. ट्रॅक्टरचे जळके ऑइल फुकट मिळते म्हणून कोणी ते घालतो. त्यात लोखंडाचा बारीक कीस असतो, ते पंप आणि बार दोन्ही खाते आणि कातडीलाही अपायकारक असते. बॅटरी बदलली की तेल पाहायचे, ही जोडी लावून घ्यावी. तेल पोहोचते की नाही हे पाहण्यासाठी एखाद्या फिक्या रंगाच्या लाकडावर बारचे टोक धरून, पण न टेकवता, चेन फिरवावी. तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे.

धार गेली आहे हे भुसा सांगतो. धारदार चेन लाकडाचा लांबट कीस काढते; पिठासारखी भुकटी पडू लागली, किंवा मशीन दाबल्याशिवाय शिरत नसेल, तर थांबून कानस लावावी. 3/8 इंच मापाच्या लो-प्रोफाइल (कमी उंचीच्या) चेनला बहुधा 4 मिलिमीटरची गोल कानस लागते आणि कोन 30 अंशांचा असतो. आपल्या चेनचे माप पुस्तिकेत आणि बारवर कोरलेले असते, ते पाहूनच कानस घ्यावी. प्रत्येक दातावर कानस सारख्याच वेळा फिरवावी, नाहीतर कापणी एका बाजूला वळत जाते. बोथट चेनने माणूस अंगाचा भार मशीनवर टाकतो आणि लाकूड तुटताच तोल पुढे जातो. बॅटरीही निष्कारण रिकामी होते. बांधाच्या झाडांबाबत आपल्याकडे दोन अडचणी नेहमीच्या आहेत. एक म्हणजे काळ्या मातीचा बुंध्याला चिकटलेला थर: तो खरवडून काढल्याशिवाय खाली कापू नये, मातीतली वाळू काही सेकंदांत धार घालवते. दुसरी म्हणजे कुंपणाची तार. बाभळीला आणि कडुनिंबाला खिळे ठोकून काटेरी तार अडकवण्याची पद्धत गावोगाव आहे, आणि वर्षे गेली की साल वाढून ती तार खोडाच्या पोटात जाते. चेन तिच्यावर आपटली तर दात तुटून उडतो, चेन तुटूही शकते, आणि वाळक्या गवतावर ठिणगी पडते ती निराळीच. बुंधा कापण्यापूर्वी शेजारच्या झाडांवर तार कोणत्या उंचीवर गेली आहे ते पाहावे आणि त्या रेषेच्या बरेच वर किंवा बरेच खाली कापावे.

शिडीविषयीचे उत्तर नकारार्थी आहे आणि त्याला अपवाद नाही. शिडीवर माणसाला तोल सांभाळण्यासाठी एक हात लागतो आणि मशीनला दोन. शिवाय कापलेली फांदी खाली येताना शिडीलाच धडकते, किंवा फांदीचे ओझे गेल्यामुळे शिडी जिला टेकवली ती फांदी वर उसळते आणि शिडी निसटते. लिंबूबागेत जमिनीवरून पोहोचत नाही अशा फांद्यांसाठी लांब दांड्याची करवत वापरावी. बांबूला बांधलेली हातकरवतही चालते. तीही फांदीच्या बरोबर खाली उभे राहून चालवू नये, दांडा तिरपा धरावा. वीजवाहिनी जवळ असेल तर मात्र हे सर्वच थांबवावे. बॅटरीची मशीन विजेवर चालते म्हणून ती तारेपासून वाचवते असा एक विचित्र गैरसमज मी ऐकला आहे. तिला तसे कोणतेही आवरण नसते. 11 केव्हीच्या, म्हणजे 11 हजार व्होल्टच्या, तारेला ओली फांदी टेकली तर फांदीतूनही विद्युतप्रवाह येतो. वायरमनला सांगून, महावितरणकडून पुरवठा बंद झाल्याची खात्री करूनच त्या झाडाला हात लावावा.

फांदी कापताना तिच्यातला ताण ओळखणे हे या कामातील खरे कौशल्य आहे. वाकलेल्या फांदीची एक बाजू दबलेली असते आणि दुसरी ताणलेली. ताणलेल्या बाजूने आधी कापले तर फांदी फाटत जाते आणि फटकारते. म्हणून आधी दबलेल्या बाजूने सुमारे एक तृतीयांश खोल काप घ्यावा आणि मग ताणलेल्या बाजूने पूर्ण करावा. आडवा ओंडका दोन्ही टोकांना टेकलेला असेल तर त्याची वरची बाजू दबलेली असते, त्यामुळे पहिला काप वरून आणि दुसरा खालून. एकच टोक टेकलेले असून दुसरे अधांतरी असेल तर उलट, पहिला खालून आणि दुसरा वरून. हा क्रम चुकला की बार चिमटला जातो. चिमटल्यावर मशीन हिसकू नये, ट्रिगर पुनःपुन्हा दाबू नये; बॅटरी काढावी, लाकडी किंवा प्लॅस्टिकची पाचर ठोकून फट उघडावी आणि बार सावकाश बाहेर घ्यावा. बारच्या वरच्या कडेने, म्हणजे खालून वर कापताना चेन मशीनला आपल्याकडे ढकलते, आणि खालच्या कडेने कापताना पुढे ओढते. नव्या माणसाने खालून कापण्याची सवय हळूहळू करावी. जूनच्या आरंभी वादळवाऱ्याने आडव्या केलेल्या झाडांत हा ताण सर्वांत फसवा असतो, कारण वरवर शांत पडलेल्या खोडाखाली एखादी फांदी धनुष्यासारखी वाकून दबलेली असते. अशी झाडे आपल्या मुलाने आणि सालदाराने पहिल्या वर्षी घेऊ नयेत, असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

झाडाची जड फांदी उतरवताना तीन काप घ्यावेत. खोडापासून फूटभर अंतरावर खालून पाव जाडीचा पहिला, त्याच्या थोडे बाहेर वरून दुसरा, ज्याने फांदी खाली येते आणि साल ओरबाडली जात नाही. आणि राहिलेला ठोंब फांदीच्या मुळाशी जी फुगीर कडी असते तिच्या बाहेरून तिसऱ्या कापाने काढावा. ती कडी राखली तर जखम भरते. लिंबात हे विशेष महत्त्वाचे आहे.

उभी बाभूळ पाडायची असेल तर 12 इंची बारने नव्या माणसाने साधारण 20 सेंटिमीटर जाडीपर्यंतच थांबावे. आधी वर पाहावे: वाळकी फांदी लटकलेली आहे का, आग्या मोहोळ आहे का. मोहोळ असेल तर काम त्या दिवशी नाहीच. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात दुसरा माणूस किंवा गुरे नसावीत आणि पडण्याच्या दिशेच्या उलट, तिरक्या अंगाने दोन्ही बाजूंना पळवाट आधीच मोकळी करून ठेवावी. पडण्याच्या दिशेला जाडीच्या पावपट खोल खाच घ्यावी, म्हणजे 20 सेंटिमीटरच्या खोडात 5 सेंटिमीटर. मग मागून, खाचेच्या तळाहून दोन-तीन सेंटिमीटर वर, आडवा काप घ्यावा आणि मध्ये सुमारे 2 सेंटिमीटर लाकूड बिजागरीसारखे शिल्लक ठेवावे. ते आरपार कापले की झाडाची दिशा कोणाच्याच हाती राहत नाही. झाड हलू लागताच मशीन थांबवून पळवाटेने दूर व्हावे. ते शेजारच्या झाडात अडकले तर त्याच्याखाली जाऊ नये. झाडाच्या उंचीहून लांब दोर लावून ट्रॅक्टरने दुरून ओढावे. अंजनासारख्या अतिकठीण लाकडाला ही मशीन लावण्याच्या फंदात पडू नये, आणि तसेही अंजन, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, सागवान ही झाडे स्वतःच्या शेतातली असली तरी 1964 च्या वृक्षतोड अधिनियमानुसार परवानगीशिवाय तोडता येत नाहीत.

एकट्याने हे काम करू नये. हाकेच्या अंतरावर दुसरा माणूस असावा, त्याच्या खिशात फोन आणि पिशवीत स्वच्छ, जाड सुती पट्ट्या असाव्यात. जखम झाली तर हळद किंवा चुना न भरता पट्टी घट्ट दाबून धरावी, दाब सोडून पुनःपुन्हा पाहू नये, आणि 108 वर फोन करावा.

उन्हाळ्यातील बॅटरीविषयी विचारले आहे, तो प्रश्न आपल्या भागात खरोखरच मोठा आहे. लिथियम आयन बॅटरी चार्ज करण्याची वरची मर्यादा बहुधा 45 अंश सेल्सिअस असते, काही ठिकाणी ती 40 च दिलेली असते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात सावलीतच पारा 43-44 वर जातो, मग पत्र्याच्या शेडमध्ये आणि उभ्या गाडीच्या डिकीत किती असेल ते सांगायला नको. चार्जर लाल दिवा दाखवून चार्जिंग नाकारतो तेव्हा तो बिघडलेला नसतो, बॅटरीला वाचवत असतो. त्याला फसवण्यासाठी बॅटरी फ्रिजमध्ये ठेवणे मात्र अगदी चुकीचे आहे, कारण बाहेर काढल्यावर तिच्यावर आणि आत पाणी साचते. कामावरून आलेली गरम बॅटरी सावलीत अर्धा-पाऊण तास निवू द्यावी आणि चार्जिंग रात्री उशिरा किंवा पहाटे, घराच्या गार भागात, फरशीवर, गादी व कागदांपासून दूर, माणूस जागा असताना करावे. रात्रभर लावून झोपू नये. शेतात नेताना बॅटरी खिळे, किल्ल्या, पान्हे यांच्यासोबत एकाच पिशवीत टाकू नये. दोन टोके धातूने जुळली तर ती पेटू शकते. हंगाम संपल्यावर पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी करून न ठेवता अर्धी भरलेली ठेवावी आणि दोन-तीन महिन्यांनी पाहावी. फुगलेली, तडकलेली, वास येणारी किंवा पाण्यात पडलेली बॅटरी पुन्हा चार्जरला लावू नये, भंगारवाल्याला फोडायलाही देऊ नये. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुनी बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, तेव्हा ती विक्रेत्याकडे परत करावी.

केळीच्या खांबांना मात्र ही मशीन लावू नये. त्यात लाकूड नसते, पाणी आणि लांब धागे असतात. ते धागे चेनसोबत आत ओढले जाऊन चक्राभोवती आवळले जातात, चीक वाळून झाकणाखाली घट्ट बसतो आणि चिखलट पाण्याने बारवरचे तेल धुऊन निघते. मग दर चार खांबांनंतर बॅटरी काढून झाकण उघडावे लागते. केळीसाठी कोयताच बरा.